कायदा आणि गुन्हेशास्त्र, दोन्ही एकत्र शिकायचंय?

बारावीच्या निकालाच्या आसपास करिअरचा सल्ला देणाऱ्या प्रत्येकापर्यंत एक प्रश्न पोहोचतोच: ‘वकीलही व्हायचंय आणि गुन्हेगारीचा अभ्यासही करायचाय. दोन्ही एकाच पदवीत कुठे शिकवतात?’ त्यामागोमाग पालकांचे प्रश्न येतात. ही पदवी घेतली की सनद मिळते का? फॉरेन्सिक लॅबमध्ये नोकरी लागते का? इंग्लंडात अशी पदवी असते म्हणे, ती इथे चालते का?

उत्तरं माहितीपुस्तिकांमध्ये सापडतात, पण तुकड्यातुकड्यांत आणि बऱ्याचदा जाहिरातीच्या भाषेत. सुरुवातीलाच एवढं सांगायला हवं की भारतात वकिली करायची असेल तर कायद्याची पदवी हाच पाया. गुन्हेशास्त्र त्या पदवीच्या आत, तिच्या आधी किंवा तिच्यानंतर जोडून घ्यावं लागतं. तुम्ही ते कुठे जोडता, यावर पुढची पाच-सहा वर्षं ठरतात.

आधी तीन विषय वेगळे करा

गुन्हेशास्त्र आणि फॉरेन्सिक एकच, असा समज फार खोल रुजला आहे. तो काढायला एक प्रकरण पुरे आहे. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने जामीन देताना घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट महाराष्ट्रभर गाजली. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली.

आता या प्रकरणातले प्रश्न वेगळे करून पाहा. निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू धरायचा की सदोष मनुष्यवध? सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा तर बाल न्याय अधिनियम 2015 प्रमाणे गुन्ह्याची किमान शिक्षा सात वर्षं किंवा त्याहून अधिक असावी लागते. इथे ती अट पुरी होते का? हे कायद्याचे प्रश्न. त्या वयातली मुलं एवढा धोका का पत्करतात, घराची आणि सोबत्यांची त्यात भूमिका काय, कडक शिक्षेने असे प्रकार कमी होतात की समुपदेशनाने, हे गुन्हेशास्त्राचे. आणि रक्तातलं अल्कोहोल, डीएनए, नमुना कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला, हे सगळं न्यायसहायक विज्ञानाचं, म्हणजे ज्याला आपण फॉरेन्सिक म्हणतो त्याचं.

प्रयोगशाळेतल्या कामाचं आकर्षण असेल तर विज्ञानाची पदवी लागते. बी.ए. एलएल.बी. करून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत तपासणीचं काम मिळत नाही. हे अकरावीतच कळलं तर बरं, कारण शाखा तिथेच ठरते.

सनदेचा नियम काय सांगतो

वकिलीची पदवी कोणती मानायची, हे बार कौन्सिल ऑफ इंडिया ठरवते. तिच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे रस्ते दोनच: बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, किंवा कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांची एलएल.बी. किमान गुण खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, इतर मागासवर्गाला 42 आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के. नुसती ‘बी.ए. क्रिमिनॉलॉजी’ घेऊन वकील होता येत नाही, मग तिच्या अभ्यासक्रमात कायद्याचे कितीही पेपर असोत.

या नियमांत एक गोष्ट दडलेली आहे, ती बहुतेक विद्यार्थ्यांना प्रवेश घेतल्यावर कळते. कायद्याचे सक्तीचे पेपर वीस. त्यांपैकी थेट फौजदारी म्हणता येतील असे तीन: गुन्ह्यांचा कायदा, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा. बाकी करार, मालमत्ता, कौटुंबिक कायदा, कंपनी, कामगार, कर, पर्यावरण, दिवाणी प्रक्रिया वगैरे. फक्त खुनाचे खटले वाचायला मिळतील या अपेक्षेने आलेला विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हिरमुसतो. तुम्हाला विक्रीखत आणि वारसाहक्कही शिकावा लागणार आहे, हे मनाशी धरूनच अर्ज भरा. वकिली सुरू झाल्यावर पहिली फी बहुधा त्यातूनच येते.

मग गुन्हेशास्त्राला जागा कुठे? तीन ठिकाणी.

- कला शाखेच्या विषयांत. एकात्मिक बी.ए. एलएल.बी.मध्ये एक मुख्य आणि दोन दुय्यम विषय असतात. समाजशास्त्र आणि मानसशास्त्र देणारं कॉलेज मिळालं तर गुन्हेशास्त्राचा पाया तिथेच भरला जातो.
- ऐच्छिक आणि ऑनर्सच्या पेपरांत. बार कौन्सिलच्या यादीत गुन्हा आणि गुन्हेशास्त्र असा स्वतंत्र गट आहे. शिक्षाशास्त्र, पीडितांचा अभ्यास, गुन्हेगारी मानसशास्त्र, न्यायसहायक विज्ञान, तुरुंग प्रशासन, पांढरपेशे गुन्हे असे विषय त्यात येतात.
- इंटर्नशिपमध्ये. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे इंटर्नशिप सक्तीची असते. ती कुठे करायची हे बरंचसं तुमच्या हातात आहे आणि खरं गुन्हेशास्त्र इथेच शिकता येतं.

कुणासाठी कोणती वाट

फौजदारी वकील, सरकारी वकील किंवा न्यायाधीश व्हायचं हे पक्कं असेल, तर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम सरळ पडतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. तिथे क्लॅट परीक्षेतून प्रवेश मिळतो. नागपूरच्या विद्यापीठात न्यायदानावर बेतलेला खास बी.ए. एलएल.बी. ऑनर्स अभ्यासक्रमही आहे. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय किंवा पुण्याचं आयएलएस यांसारख्या कॉलेजांसाठी राज्याची एमएच-सीईटी लॉ द्यावी लागते. क्लॅट इंग्रजीतच होते आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. राज्याची सीईटी मराठीतही देता येते आणि तिच्यात गुण कापत नाहीत. मराठी माध्यमातून आलेल्यांनी या फरकाचा फायदा जरूर घ्यावा. मात्र पुढे निकालपत्रं इंग्रजीत वाचावी लागतात, तेव्हा इंग्रजीकडे दुर्लक्ष नको.

विज्ञानाची आवड असेल तर दोन पर्याय. एक म्हणजे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ. 2020 च्या केंद्रीय कायद्याने त्याला हा दर्जा मिळाला. मुख्य परिसर गांधीनगरला, एक परिसर गोव्यात. तिथे बी.एस्सी. एलएल.बी.चा एकात्मिक अभ्यासक्रम आहे. मात्र तो कोणत्या परिसरात चालतो, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच अर्ज करा. दुसरा पर्याय महाराष्ट्रातला: मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेतून बी.एस्सी. आणि नंतर तीन वर्षांची एलएल.बी. एक वर्ष जास्त लागतं, पण हाती दोन स्वतंत्र पदव्या येतात आणि मधल्या टप्प्यावर मन बदललं तरी काही वाया जात नाही.

या जोडीला आज पूर्वीपेक्षा जास्त मागणी येण्याचं कारण कायद्यातच आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे. राज्यांना हे लागू करायला पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. म्हणजे अशा पुराव्याची उलटतपासणी घेऊ शकणारे वकील आता तालुक्याच्या गावीही लागणार.

आणि ज्यांना गुन्हेगारीमागचा माणूस समजून घ्यायचा आहे, कैदी, पीडित, बालगुन्हेगार यांच्यासोबत काम करायचं आहे, त्यांनी आधी मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा समाजकार्याची तीन-चार वर्षांची पदवी घेऊन मग एलएल.बी. करावी. गुन्हेशास्त्राची पदवीच हवी असेल तर मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठाचा विभाग देशातला सगळ्यात जुना, 1959 चा. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातही गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाचा विभाग आहे. सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्यांना तो जवळचा. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं नाव या विषयात मोठं आहे, पण तिथलं गुन्हेशास्त्राचं शिक्षण पदव्युत्तर पातळीवरचं आहे. बारावीनंतर तिथे ते मिळेल या आशेवर वर्ष घालवू नका.

आधी कोर्टात जाऊन बसा

कोणताही अर्ज भरण्यापूर्वी एक काम करा. जवळच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालयात दोन-तीन दिवस सकाळी अकराला जाऊन मागच्या बाकावर बसा. फौजदारी न्यायालयं कायद्याने खुली असतात. बलात्काराचे आणि बालकांवरील लैंगिक अत्याचारांचे खटले बंद दाराआड चालतात, ते वगळता तुम्हाला कुणी अडवण्याचं कारण नाही. मोबाइल बंद ठेवा आणि शिपायाला नीट सांगून बसा.

रिमांडची वेळ पाहा. अटकेपासून 24 तासांच्या आत पोलीस आरोपीला हजर करतात. तपास अधिकारी कोठडी मागतो, सरकारी वकील दोन वाक्यं बोलतो, आरोपीचा वकील असला तर विरोध करतो आणि पाच-सात मिनिटांत पुढचा पुकारा होतो. तेवढ्या वेळात कायद्याच्या विद्यार्थ्याने टिपायचं ते कलम, कोठडीचं कारण, मागितलेले दिवस. गुन्हेशास्त्राच्या विद्यार्थ्याने टिपायचं ते वेगळं: आरोपीचं वय किती, पायात चप्पल आहे का, दाराशी कुणी नातेवाईक उभं आहे का, जामीन मंजूर होऊनही हमीदार न मिळाल्याने तो पुन्हा गाडीत बसतो का. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीत देशातल्या कैद्यांपैकी सुमारे 76 टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. हा आकडा तयार होताना त्या पाच-सात मिनिटांत डोळ्यांनी दिसतो.

तिथे बसून तुमचं लक्ष पहिल्या प्रकारच्या टिपणांकडे गेलं की दुसऱ्या, हे प्रामाणिकपणे पाहा. दोन्हींकडे गेलं तर ही जोडी तुमच्यासाठीच आहे. तीन दिवसांत कंटाळा आला, तर तेही आत्ताच कळलेलं चांगलं.

इंग्लंडची पदवी: काय मिळतं, काय अडतं

कायदा आणि गुन्हेशास्त्र अशी थेट जोडपदवी मुख्यतः ब्रिटनमध्ये दिसते. मँचेस्टर, शेफील्ड, कार्डिफ अशा विद्यापीठांत ती आहे. नावाकडे नीट पाहा. ‘लॉ विथ क्रिमिनॉलॉजी’ असेल तर कायदा मुख्य आणि गुन्हेशास्त्राचा वाटा कमी. ‘लॉ अँड क्रिमिनॉलॉजी’ असेल तर दोन्हींचा वाटा साधारण सारखा. शेवटी एलएल.बी. मिळते की बी.ए., हेही तपासा. गुन्हेशास्त्राचं शिक्षण तिथे खरोखर सकस असतं: गुन्ह्यांचं सर्वेक्षण कसं करायचं, आकडेवारी कशी वाचायची, तुरुंगाचा समाजशास्त्रीय अभ्यास कसा करायचा, हे पहिल्या वर्षापासून शिकवतात.

अडचण परत येताना होते. तुम्ही शिकलेला करार, मालमत्ता आणि विश्वस्त कायदा इंग्लंडचा असतो. बारावीनंतर थेट केलेली तीन वर्षांची परदेशी एलएल.बी. भारतात पाच वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरत नाहीत. बार कौन्सिल त्यासाठी दोन वर्षांचा ब्रिज कोर्स आणि पात्रता परीक्षा करायला लावते. असा कोर्स गोव्यातल्या इंडिया इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ लीगल एज्युकेशन अँड रिसर्चमध्ये चालतो. विद्यापीठ बार कौन्सिलच्या मान्य यादीत आहे का आणि जोडपदवीला ती मान्यता लागू आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. तिथेच राहायचं असेल तर सॉलिसिटर होण्यासाठी 2021 पासून सुरू झालेली एसक्यूई परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि व्हिसाचा प्रश्न वेगळाच.

खर्चाचं गणित मांडताना हेही ध्यानात असू द्या की महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, पहिल्या पदवीसाठी नाही. म्हणून ज्यांना भारतातच वकिली करायची आहे त्यांनी एलएल.बी. इथे करून गुन्हेशास्त्राच्या मास्टर्सला परदेशी जावं, हे जास्त शहाणपणाचं. सनद हातात राहते आणि शिष्यवृत्तीचा दरवाजाही उघडतो.

फसगत कुठे होते

- एकाच वेळी दोन नियमित पदव्या. 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन पदव्या एकत्र करायला परवानगी दिली, म्हणून एलएल.बी.सोबत नियमित बी.ए. क्रिमिनॉलॉजी करायचा बेत अनेक जण आखतात. बार कौन्सिलचा नियम त्याला मनाई करतो. सप्टेंबर 2024 च्या परिपत्रकापासून विद्यार्थ्यांकडून तसं घोषणापत्रही मागितलं जातं. मुक्त किंवा दूरशिक्षण केंद्रातून केलेला अभ्यासक्रम नियमाच्या अपवादात बसतो. त्या वाटेने गुन्हेशास्त्राची पदविका करता येते.
- घरबसल्या एलएल.बी. दूरशिक्षणाने मिळालेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही. प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरीचा नियम आहे.
- कागदावरचे ऐच्छिक विषय. पुस्तिकेत सहा विषयांची नावं असतात आणि वर्गात दोनच शिकवले जातात. मागच्या दोन वर्षांत गुन्हेशास्त्राचा पेपर खरोखर चालला का, शिकवणारे पूर्णवेळ आहेत का, हे कॉलेजच्या कार्यालयात नको, चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा.
- नवं कोरं कॉलेज. ऑगस्ट 2025 मध्ये बार कौन्सिलने नव्या विधी महाविद्यालयांना तीन वर्षांची स्थगिती दिली. त्यामुळे ‘मान्यता लवकरच येईल’ या आश्वासनावर प्रवेश घेऊच नका. मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे, ते पत्र दाखवायला सांगा.

तुमचे हक्क

प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते. अनुदान आयोगाच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेआधी किमान पंधरा दिवस कळवलं तर पूर्ण फी, पंधरा दिवसांहून कमी राहिले असतील तर 90 टक्के, शेवटच्या तारखेनंतर पंधरा दिवसांत 80 आणि तीस दिवसांत 50 टक्के. त्यानंतर काही नाही. पूर्ण परताव्यातूनही प्रक्रिया शुल्क म्हणून कापता येतात ते जास्तीत जास्त पाच हजार रुपये. मूळ गुणपत्रिका अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही. पडताळून लगेच परत द्यायच्या असतात. राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना सीईटी कक्षाचे वेळापत्रक आणि नियम लागू होतात, ते वेगळे वाचा.

मुलींसाठी महत्त्वाचं: 2024-25 पासून आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य शासन भरतं. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. महाडीबीटीवर अर्ज भरायला उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर आधीच काढून ठेवा. जूनमध्ये तहसील कार्यालयात रांगा लागतात.

पदवीनंतर किती थांबावं लागतं

सनद घेताना राज्याच्या बार कौन्सिलला, आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला, खुल्या प्रवर्गाकडून 750 आणि अनुसूचित जाती-जमातींकडून 125 रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये सांगितलं. वकिली पुढे चालू ठेवायला अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

न्यायाधीश व्हायचं असलेल्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा 20 मे 2025 चा निकाल वाचावा: कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी आता किमान तीन वर्षं वकिली केलेली हवी. सत्र न्यायालयात सरकारी वकील व्हायला नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे सात वर्षं, विशेष सरकारी वकिलाला दहा. ही मधली वर्षं कशी काढायची, याचा विचार घरात आजच व्हायला हवा, कारण फौजदारी बाजूला कनिष्ठ वकिलाच्या हाती सुरुवातीला पैसे कमीच येतात.

गुन्हेशास्त्राचा पाया असलेल्यांना इथे थोडी जास्त जागा मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कायद्याचे विद्यार्थी शिकत असतानाच विधी स्वयंसेवक होऊ शकतात. तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांचे अर्ज लिहिण्यापासून सुरुवात होते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, जन्मठेप वा फाशीचा गुन्हा नसेल आणि दुसरी प्रकरणं प्रलंबित नसतील, तर पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटकेचा हक्क आहे. असे कैदी शोधणं हे काम एका बाजूने कलमाचं आणि दुसऱ्या बाजूने तुरुंगाच्या रजिस्टरचं. टाटा संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून कैद्यांसोबत याच प्रकारचं काम करतो आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातून 2016 मध्ये आलेला फाशीच्या कैद्यांवरचा अहवाल विद्यार्थ्यांनी देशभर फिरून घेतलेल्या मुलाखतींवर उभा राहिला. इंटर्नशिप शोधताना मोठ्या लॉ फर्मचं नाव बघण्याआधी अशा ठिकाणी पत्र पाठवा.

अर्जाचं वेळापत्रक

क्लॅट डिसेंबरात होते आणि अर्ज त्याच्या तीन-चार महिने आधी सुरू होतात, म्हणजे बारावीचं वर्ष लागताच लक्ष ठेवायला हवं. ब्रिटनसाठी यूकॅस या तिथल्या सामायिक अर्जव्यवस्थेची मुख्य मुदत जानेवारीत असते. एमएच-सीईटी लॉचे अर्ज साधारण वर्षाच्या सुरुवातीला निघतात. पाच वर्षांची आणि तीन वर्षांची सीईटी वेगळी आहे, अर्ज भरताना चुकीची निवडली तर फी आणि वर्ष दोन्ही जाऊ शकतं. राखीव प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांनी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करावा.